किट निगेटिव्ह, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जेमतेम ९००. पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा पार्व्हो) धरायचा का?

रामबागकर, इंदूर
मांजराचं पिल्लू ४ महिन्यांचं, वजन १.६ किलो, लस एकही नाही. कालपासून फेसाळ पिवळी उलटी. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, पीत मात्र नाही. ताप १०४.५. जुलाब नाहीत. शीची पार्व्हो किट निगेटिव्ह. घरात ८ महिन्यांचा बोकाही आहे, लसीचा एकच डोस झालेला. फरशी फिनाइलने पुसली तर चालेल ना?

पेशीमोजणी
तोच धरून चाला. कुत्र्यांची पार्व्हो किट मांजरालाही चालते, पण शीतून विषाणू थोडेच दिवस पडतो, म्हणून निगेटिव्हवर विसंबू नका. शंका उरली तर पीसीआर. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघा. निकालासाठी उपचार मात्र थांबवू नका. विषाणू अस्थिमज्जा (पांढऱ्या पेशी तिथेच बनतात) आणि आतड्याचं अस्तर दोन्ही पोखरतो. आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात आणि त्यांना अडवायला पेशी नसतात.

सलाईनवाला
विषाणूवर थेट औषध नाही, पिल्लाला तगवून धरायचं. आजच दाखल करा. अंगातलं पाणी वजनाच्या ८ टक्के घटलं असेल तर १.६ किलोला तूटच १२८ मिली. रोजची गरज आणि उलटीतून जाणारं त्यावर. शिरेतून रिंगर लॅक्टेट, पोटॅशियम आणि साखर तपासून. उलटीला मॅरोपिटंट, किलोला १ मिग्रॅ, दिवसातून एकदा. प्रतिजैविकही इंजेक्शननेच, तोंडावाटे दिलेलं टिकत नाही. उलटी थांबली की चमचा-चमचा खायला घाला, उपाशी ठेवायची जुनी रीत सोडा. ताप ९९च्या खाली गेला तर ‘उतरला’ म्हणून खूश होऊ नका, पिल्लू कोसळतंय. आणि पॅरासिटामॉल अजिबात नको, मांजराला ते विषच.

बादली-पोछा
फिनाइल मांजराला बाधतं, या विषाणूला नाही! सॅनिटायझरही फुकट. आधी साबणाने घासा, घाण राहिली तर क्लोरीन तिच्यातच खर्च होतं. मग ५ टक्क्यांचं ब्लीच, लिटरभर पाण्यात ३३ मिली, फरशी १० मिनिटं ओली ठेवा. द्रावण रोज ताजं. बाटली गच्चीवरच्या उन्हात राहिली तर दम जातो. फरशी धुऊन सुकल्याशिवाय बोक्याला सोडू नका. गोधडी टाकूनच द्या, विषाणू वर्षभर टिकू शकतो.
बोक्याचा डोस कितव्या आठवड्यात झाला?

रामबागकर, इंदूर
नवव्या.

पेशीमोजणी
मग त्याला संरक्षण आहे असं धरू नका. त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडं लस वाया घालवू शकतात, म्हणून शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर हवा. बोका खात-पीत असेल, ताप नसेल, तर आजच टोचा आणि १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी, शीची ट्रे, चपलासुद्धा वेगळ्या. लसीनंतर त्याची किट करू नका, दोनेक आठवडे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.