मदत हवी आहे : तेलावर चालणाऱ्या घरगुती बॉयलरची सदोष जोडणी

नमस्कार. घर गरम ठेवण्यासाठी आम्ही नुकताच तेलावर चालणारा नवा बॉयलर बसवून घेतला. परंतु पहिल्या आठवड्यापासूनच बर्नर पेटताना मोठा धडधडाट होतो, धुराड्याच्या तोंडाशी काजळी साचते आणि खोलीत तेलाचा वास रेंगाळतो. काजळी म्हणजे अपूर्ण ज्वलन, आणि त्यातूनच रंग-गंध नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे ठाऊक असल्यामुळे मी बॉयलर आणि तेलाच्या टाकीचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद ठेवले आहेत. घरात वयस्कर आई आहे, त्यामुळे धोका पत्करायची माझी मुळीच तयारी नाही.

आणखी एक दोष दिसतो. यंत्रणा थंड असताना पाण्याचा दाब १ बार असतो, पण ती तापल्यावर तो ३ बारपर्यंत चढतो आणि सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी गळते. प्रसरण-टाकी (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी टाकी) लहान पडली असावी किंवा तिच्यात पुरेशी हवा भरलेली नसावी, असा माझा अंदाज आहे.

बॉयलर बसवणाऱ्याकडे मी धुरातील वायूंच्या मोजमापाची नोंद मागितली, तेव्हा त्याने केवळ ‘सगळे ठीक आहे’ असे तोंडी सांगितले. तेल फवारणाऱ्या नॉझलचा आकार, पंपाचा दाब आणि हवेचे प्रमाण यांचा मेळ घातल्याशिवाय बर्नर नीट जळत नाही, म्हणून हे उत्तर मला पटलेले नाही.

त्यालाच दुरुस्तीची संधी देण्यापूर्वी त्रयस्थ तंत्रज्ञाकडून लेखी तपासणी करून घ्यावी का, त्या अहवालात कोणती मोजमापे असलीच पाहिजेत, आणि तोवर उरलेली रक्कम रोखून धरणे योग्य ठरेल का, याबाबत अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.