सोसायटीचे मेंटेनन्स बिल हॅस्केलमध्ये लिहिणे कितपत योग्य?

वारजेकर विचारतात:
मी हिंजवडीत जावामध्ये काम करतो. जावा ८ मधील लॅम्डा आणि स्ट्रीम्समुळे फंक्शनल प्रोग्रॅमिंगची (म्हणजे प्रोग्रॅम लहान लहान फंक्शन्स जोडून उभा करण्याची) गोडी लागली, पुढे त्याच पद्धतीची हॅस्केल ही भाषाही थोडीफार शिकलो. परंतु फिबोनाची आणि याद्या उलट्या करणे अशा सरावाच्या उदाहरणांपलीकडे गाडी सरकत नाही. आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीचे बिल एक्सेलमध्ये तयार होते आणि त्यावरून दर सभेत वाद होतो. तेच हॅस्केलमध्ये करावे, असा विचार आहे. मात्र डेटाबेस, तारखा, थकबाकी हे सारे सतत बदलणारे असताना शुद्ध फंक्शन्सना, म्हणजे तीच माहिती दिल्यास नेहमी तेच उत्तर देणाऱ्या फंक्शन्सना, वाव कितीसा उरतो?

कर्वेनगरचा वाचक:
वाव भरपूर आहे, कारण महिन्यागणिक बदलतात ते आकडे. नियम तेच राहतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, पाण्याचा खर्च नळांची संख्या व आकार पाहून, आणि थकबाकीवर सरळ व्याज, तेही ठरवून दिलेल्या कमाल दराच्या आत. यांतील प्रत्येक नियम म्हणजे एक फंक्शन. व्याजाच्या फंक्शनने आजची तारीख स्वतः घड्याळाला विचारू नये, ती त्याला बाहेरून द्यावी. एवढे पथ्य पाळले, तर मागच्या एप्रिलचे बिल त्याच नोंदींवरून आज पुन्हा काढले तरी तेच येईल. नोंदी वाचणे आणि बिल छापणे आयओच्या, म्हणजे बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणाऱ्या वेगळ्या भागाच्या, हद्दीत ठेवा.

रक्कम दशांशात न ठेवता पूर्णांकी पैशांत ठेवा. समजा, सेवाशुल्क १,००,००० रुपये आहे. प्रत्येकी २,०८३ रुपये ३३ पैसे धरले, तर एकूण ९९,९९९ रुपये ८४ पैसे होतात आणि १६ पैसे कुणाच्याच नावावर पडत नाहीत. येथे क्विकचेक हे प्रोग्रॅमची आपोआप चाचणी घेणारे साधन वापरावे. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली मांडलेल्या या साधनाला आपण उदाहरणे द्यायची नसतात, गुणधर्म सांगायचा असतो: वाटण्यांची बेरीज मूळ रकमेइतकीच असावी आणि समान वाटणीत कोणत्याही दोन सदनिकांमध्ये एका पैशाहून अधिक फरक नसावा. सरळ भागाकार करून बाकी सोडून देणारे फंक्शन दिल्यास ते यादृच्छिक आकड्यांवर चूक पकडते आणि मग ती आकसत आकसत ‘एक पैसा, दोन सदनिका’ इथपर्यंत आणून दाखवते. शिकण्यासाठी याहून चांगला प्रकल्प मला तरी सुचत नाही.

औंधचे एक सभासद:
गणिताबद्दल सहमत, भाषेबद्दल नाही. उद्या कार्यकारिणी बदलली, तुम्ही बदली होऊन बंगळुरूला गेलात, की हॅस्केल वाचणारा माणूस कोठून आणायचा? जावा २१ मध्ये रेकॉर्ड, सील्ड इंटरफेस आणि स्विचमधील पॅटर्न मॅचिंग ही वेगवेगळे प्रकार मांडण्याची आणि ओळखण्याची सोय आहे. तेवढ्यावर हीच रचना उभी राहते आणि कार्यालयातही उपयोगी पडते.

वारजेकर:
दोघांचेही आभार. शिकणे हाच मुख्य हेतू असल्याने तूर्त हॅस्केलच घेतो. एक्सेलही काही महिने समांतर चालू राहील. काही सभासद वर्षाचे पैसे आगाऊ भरतात. ती रक्कम ऋण थकबाकी म्हणून नोंदवली तर चालेल का?

कर्वेनगरचा वाचक:
चालवू नका. व्याजाचे सूत्र तिला तसेच लागू होईल आणि सोसायटीच सभासदाला व्याज देऊ लागेल. (सभासदांची हरकत नसेल, खजिनदारांची असेल.) ‘थकीत’ आणि ‘आगाऊ’ असे दोन स्वतंत्र प्रकार करा आणि व्याजाचे फंक्शन केवळ ‘थकीत’ प्रकारच स्वीकारेल असे लिहा. मग कुणी चुकून आगाऊ रक्कम त्यात घातलीच, तर प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही.