एकाच लेखकाच्या पाच एकांकिका एकाच संध्याकाळी?

पडदेवाला: साठीनंतर लिहायला लागलेल्या एका नागपूरकर नाटककाराच्या पाच एकांकिका एप्रिलमध्ये, धरमपेठेतल्या दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये, एका संध्याकाळी करायचं घाटतंय. माझा विरोध आहे. दोन दिवस करा. एक एकांकिका ३५ मिनिटांची, पाचांची १७५. मधले चार बदल. लेव्हल (मंचावरचे लाकडी चौथरे) हलवा, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान लावा, दिवे फोकस करा. बारा मिनिटांच्या आत होत नाही, म्हणजे आणखी ४८. तिसरी घंटा साडेसहाला दिली तरी सव्वादहा. लेखकाच्या सत्काराची भाषणं यात धरलेलीच नाहीत. पाचवी एकांकिका खुर्च्यांनाच दाखवायची का?

विंगेतला: बारा मिनिटं लागतात, कारण प्रत्येक दिग्दर्शकाला स्वतःचा दिवाणखाना हवा असतो. पाचांना एकच नेपथ्य ठेवा: काळे पडदे, सहा बाय चार फुटांच्या चार लेव्हल, दाराची एक चौकट, दोन खुर्च्या. प्रकाशाचं जनरल, म्हणजे सगळ्या मंचावरचा उजेड, सामायिक; प्रत्येकाला फक्त दोन स्पेशल, म्हणजे ठरावीक जागेपुरते दिवे. फोकस सकाळीच उरकायचा, नंतर शिडी मंचावर येता कामा नये. लेव्हलच्या कोपऱ्यांच्या खुणा प्रत्येक एकांकिकेला वेगळ्या रंगाच्या टेपने करा. बदल तीन मिनिटांत होतो.

संहितावाचक: तीन मिनिटांत होतो, पण मग नाटकाचं काय? सामायिक जनरलमध्ये भरदुपार आणि मध्यरात्र सारखीच दिसते. नाटककार महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथा’ मासिकात आली तेव्हा ते तिशीच्या आतले होते; पुढे प्रयोगांमधून लेखकाचा हात घडत जातो. इथे पाचही संहिता आधी टेबलावर पूर्ण झाल्यात. अर्ध्या गोष्टी कंसातल्या सूचनांत आहेत, त्या प्रकाशानेच दाखवाव्या लागणार. आणि हो, प्रत्येक संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, वेगळं प्रमाणपत्र लागतं. लेखकाला आधी सांगून ठेवा, रंगीत तालमीत नवी पानं आणायची नाहीत.

कूलरग्रस्त: अहो, एप्रिल म्हणताय ना? मग सगळा वाद फुकट. खिडकीतला डेझर्ट कूलर चालू असला की पुटपुटलेलं वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. बंद केला तर पंधरा मिनिटांत लोक पत्रिकेनं वारा घेतात. वरून माईक टांगले तर ते आधी कूलरच उचलतात. पाच वाजल्यापासून फुल चालवा, तिसऱ्या घंटेला पंखा लो करा. त्यापेक्षा सरळ जानेवारी धरा. डिसेंबर नको, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात बाहेरगावच्या कलाकारांना खोल्या मिळायच्या नाहीत.

पडदेवाला: जानेवारी पटलं. पण विंगेतले, तिसऱ्या एकांकिकेत झोपाळा आहे. तो तीन मिनिटांत टांगणार कुठे?

विंगेतला: टांगायचाच नाही. छोट्या हॉलच्या छताला माणसाचं वजन देऊ नये. स्टँडचा घ्या, आणि ती एकांकिका मध्यंतरानंतर पहिली लावा. चहाच्या पंधरा मिनिटांत बोल्ट कसून होतात. कड्यांना तेल मात्र तालमीच्या दिवशीच घाला, नाहीतर करकर कूलरलाही मागे टाकेल.

संहितावाचक: करकर संहितेतच आहे. पान चार, कंसात.