पहिली गिअरची गाडी आणि सुरक्षेचं सामान: उंची १६० सें.मी., रोजचे ३० किलोमीटर, काय घ्यावं?

नवी_स्वार

नमस्कार. गिअरची मोटरसायकल पहिल्यांदाच घेते आहे. सायकलवर हात बसलेला आहे, क्लच-गिअरची मात्र अजिबात सवय नाही. उंची १६० सें.मी., वजन ५४ किलो. रोजचं जाणं-येणं ३० किलोमीटर, त्यात निम्मा रस्ता गर्दीचा आणि निम्मा मोकळा, वेगाचा. पावसातही चालवावी लागेल.

मनात भरलेली गाडी ४०० सीसीची आहे, साधारण ४५ अश्वशक्ती, सीटची उंची ८२० मिमी. ओळखीचे सगळे म्हणतात, लहान गाडी घेतलीस तर वर्षभरात कंटाळशील. हे खरं धरावं का? दुसरं म्हणजे हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, बूट हे सगळं एकदम घेणं जमणार नाही. कोणत्या क्रमाने घेऊ? हेल्मेटवरच्या लेबलांचा अर्थही कोणी सांगितला तर बरं होईल.

पाना_नंबर_दहा

कंटाळ्याचा मुद्दा आधी बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी चुका होणारच. क्लच झटक्यात सुटतो, वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम बंद होतो, खड्ड्यात ॲक्सिलरेटरची मूठ नकळत पिळली जाते. आपल्या किती चुका गाडी पोटात घालते, ते बघून पहिली गाडी निवडायची. १५-२० अश्वशक्तीच्या गाडीवर मूठ चुकून पिळली गेली तर गाडी थोडी पुढे जाते आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. ४५ अश्वशक्तीला पहिल्या गिअरमध्ये तेवढीच मूठ पिळली की गाडी पुढे उसळते, शरीर मागे फेकलं जातं, मनगट खाली ओढलं जातं आणि त्यामुळे मूठ आणखीच पिळली जाते. हे चक्र सुरू झालं की नवख्याच्या हातून क्लच वेळेवर दाबला जात नाही. म्हणून मूठ धरतानाच मनगट सरळ, हाताच्या रेषेत ठेवायची सवय लावा.

युरोपात परवाने टप्प्याटप्प्याने देतात, त्यावरून अंदाज घ्या. ए-१ परवान्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, म्हणजे साधारण १५ अश्वशक्ती. त्यानंतरच्या ए-२ ची मर्यादा ३५ किलोवॅट, म्हणजे ४७ अश्वशक्तीच्या आसपास. तुमच्या मनातली गाडी या दुसऱ्या टप्प्याच्याही वरच्या टोकाला बसते.

१२५ सीसी मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. निम्मा रस्ता वेगाचा आहे, आणि ८० च्या पुढे या इंजिनात ओव्हरटेकसाठी फारसं काही शिल्लक राहत नाही. १५० ते २५० सीसी, सिंगल सिलिंडर, खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही, चांगला टॉर्क (ओढ) देणारी गाडी बघा. गर्दीत अशी गाडी सारखी बंद पडत नाही, हाफ क्लचवर रांगायलाही सोपी जाते.

वजन बघताना कर्ब वेट विचारा, म्हणजे तेल-पेट्रोल धरून भरलेलं वजन. काही ठिकाणी कोरडं वजन छापलेलं असतं, तिथे फसगत होते. तुमच्यासाठी १५० किलोच्या आत असलेली बरी. चालताना वजन जाणवत नाही. उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे ढकलत बाहेर काढायची वेळ आली की ते कळतं.

सीटच्या उंचीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर ७९० मिमीची गाडीसुद्धा उंच वाटते, अरुंद असेल तर ८१० चालून जाते. शिवाय तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन थोडं दबतं. जे बूट घालून चालवणार तेच घालून बसून बघा. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकले आणि एका बाजूला किंचित सरकल्यावर एक पाय पूर्ण टेकला, तर उंची पुरेशी आहे. थांबताना डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर.

सस्पेन्शन बदलून गाडीची उंची कमी करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो आणि वळणाचा स्वभाव बदलतो. साइड स्टँडही तुलनेने लांब पडतो, त्यामुळे गाडी जवळजवळ उभी राहते आणि हलक्या धक्क्याने पलीकडे पडते.

एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, हवंच, आणि ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही चाकांना. सिंगल चॅनेलमध्ये एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक लॉक होऊ शकतं. तरी निवड करायचीच झाली तर पुढचं महत्त्वाचं. मागचं चाक घसरलं तर अनेकदा सावरता येतं, पुढचं लॉक झालं की गाडी खाली जाते.

काच_वर_करा

हेल्मेटबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

भुवयांच्या साधारण २-३ सें.मी. वरून आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून टेपने घेर मोजा. दोनदा मोजा, मोठा आकडा धरा. त्यावरून साइज कळते, पण डोक्याचा आकार कळत नाही. कोणाचं डोकं गोल असतं, कोणाचं पुढून-मागे लांबट. लांबट डोक्यावर गोल आतल्या आकाराचं हेल्मेट घातलं की कपाळावर एकाच जागी दाब येतो आणि कानांच्या वर पोकळी राहते. दुकानातच वीस-तीस मिनिटं घालून ठेवा. काढल्यावर कपाळावर लाल ठसा आणि ठणका असेल तर साइज वाढवू नका, वेगळ्या आकाराचं मॉडेल बघा. मोठी साइज घेतली की ठणका थांबतो, पण हेल्मेट डोक्यावर फिरायला लागतं.

गालाचे पॅड नवे असताना घट्ट हवेत, इतके की बोलताना गाल दातांखाली येतात. ते थोडे दबतात. पट्टा लावून डोकं दोन्हीकडे हलवा, कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. मग दुसऱ्या कोणाला मागून, मानेपाशी हेल्मेटची कड धरून पुढे ढकलायला सांगा. पट्टा लावलेला असूनही निघून येत असेल, तर प्रमाणपत्र कितीही चांगलं असो, ते तुमचं हेल्मेट नाही.

लेबल: ईसीई (युरोपात चालणारं हेल्मेटचं मानक) प्रमाणित हेल्मेटच्या पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी असते. वर्तुळात इंग्रजी ई आणि त्यापुढचा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा. खालच्या क्रमांकाची सुरुवात ०६ ने झाली तर ते २२.०६ या नव्या नियमाचं, ०५ असेल तर जुन्या. नव्या नियमात कमी, मध्यम आणि जास्त अशा वेगवेगळ्या वेगांनी आदळून चाचणी होते, आणि तिरका आघात होऊन डोकं गरकन फिरतं त्याचीही वेगळी चाचणी आहे. क्रमांकानंतर ‘पी’ म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षण देणारा, ‘जे’ म्हणजे उघडं हेल्मेट, ‘एनपी’ म्हणजे हनुवटीपुढे पट्टी दिसते पण ती संरक्षणासाठी नाही. हे शेवटचं नीट वाचा. तुम्ही फुल फेस, ‘पी’ असलेलंच घ्या. तुमच्याकडे जे प्रमाणपत्र सक्तीचं आहे ते तर हवंच.

आतला थर्माकोलसारखा थर, ईपीएस, एकदाच काम करतो. आघातात तो चिरडला जातो, आणि तसं होण्यातच डोक्याचा बचाव असतो. चिरडलेला परत फुगत नाही, आणि बाहेरून कवच ठाकठीक दिसू शकतं. डोक्यावर असताना आपटलेलं हेल्मेट म्हणूनच बाद करायचं. आरशाच्या दांड्यावर अडकवून ठेवायची सवयही लावू नका. गाडीचा हादरा लागून दांड्याचं टोक त्या थरात खळगा पाडतं.

काचेवर वाळलेले किडे खरवडू नका. ओलं कापड दहा मिनिटं पसरून ठेवा, मग पुसा. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काच-क्लीनर यांपैकी काहीही लावू नका, ही काच पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते. पावसात चालवणार असाल तर पिनलॉक बसणारी काच घ्या. आतून दुसरी पातळ काच बसते, मधल्या हवेमुळे वाफ धरत नाही. गडद काच रात्री नको.

डांबरी_रस्ता

वरच्या दोघांशी सहमत. गाडी ठरवण्याआधी सामानाचे पैसे वेगळे काढा, उरलेल्यात गाडी बघा. उलट केलं की सामान कायम पुढच्या महिन्यावर जातं.

क्रम माझ्या मते हेल्मेट, ग्लोव्हज, बूट, जॅकेट, पँट. बरेच जण जॅकेट आधी सांगतील. पण पडताना हात आपोआप पुढे जातो, आणि कमी वेगात गाडी कलंडली तर घोटा खाली सापडतो. नवख्याचं पडणं बहुतेक असंच असतं. शिवाय ग्लोव्हज आणि बूट मिळून जॅकेटपेक्षा स्वस्तात होतात.

ग्लोव्हजच्या तळव्याला, मनगटाजवळच्या उंचवट्यावर, गुळगुळीत कडक तुकडा असावा. तिथे नुसतं चामडं किंवा रबर असेल तर हात रस्त्यावर घसरण्याऐवजी अडकतो आणि सगळा जोर मनगटाच्या लहान हाडांवर येतो. आत ईएन १३५९४ (ईएन म्हणजे युरोपीय मानक) लिहिलेलं बघा. ‘केपी’ असेल तर बोटांच्या गाठींचं संरक्षणही तपासलेलं आहे. मनगटाचा पट्टा आवळून बोटांच्या टोकांकडून जोरात ओढा, ग्लोव्ह निसटता कामा नये.

बुटाला दोन्ही बाजूंनी घोट्यावर कडक कवच हवं. टाच आणि पुढचं टोक दोन हातांत धरून ओल्या फडक्यासारखं पिळून बघा, सहज पिळला तर ठेवून द्या. नाडीचा फासा गिअरच्या लिव्हरमध्ये अडकतो, म्हणून नाडी झाकणारा पट्टा किंवा बाजूची चेन हवी.

जॅकेट-पँटवर ईएन १७०९२ आणि वर्ग असतो. एएए सगळ्यात टिकाऊ, मग एए, मग ए. रोजच्या वापराला एए मिळालं तर उत्तम. गरम हवेत जाळीचं जॅकेट बहुधा ए मध्ये मिळतं, पण उकडतं म्हणून घरी राहिलेल्या एएए पेक्षा अंगावरचं ए केव्हाही चांगलं. आतले गार्ड वेगळे तपासा. कोपर, खांदा, गुडघ्यासाठी ईएन १६२१-१: ५० जूलच्या आघातात पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पोचू देतो तो लेव्हल १, आणि २० पर्यंत रोखतो तो लेव्हल २. पाठीसाठी १६२१-२, तिथे मर्यादा १८ आणि ९. बऱ्याच जॅकेटांच्या पाठीत नुसता फोमचा तुकडा घालून देतात. बाहेर काढून बघा, त्यावर हा क्रमांक नसेल तर खरा गार्ड वेगळा घ्यावा लागेल. कोपर वाकवून गार्ड हाताने फिरवा. तो बाजूला सरकत असेल तर पडताना जागेवर राहणार नाही, बाहीचे पट्टे आवळा किंवा साइज कमी करा.

पावसासाठी आतल्या अस्तरावर विसंबू नका. अस्तर आत असलं की बाहेरचं जॅकेट भिजून जड होतं. वरून घालायचा दोन तुकड्यांचा, अंगासरशी, भडक रंगाचा रेनसूट घ्या.

नवी_स्वार

खूप आभार. ४०० चा विचार सोडला. आता २०० सीसीची एक सेकंड हँड गाडी बघते आहे, १४८ किलो, सीट ७९५. टायर नवे दिसतात. पण एबीएस नाही. चालेल का? आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी उलटते, म्हणून मागचाच वापरावा, असं दोघांनी सांगितलं. खरं आहे का?

पाना_नंबर_दहा

पावसात रोज चालवणार आहात, मग एबीएस नसलेली सोडा. तशीच एबीएसवाली मिळेपर्यंत थांबणं परवडेल.

दुसरी बघाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनच्या बाजूला हात लावा. कोमट लागलं तर इंजिन थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असेल, असा संशय घ्यायला जागा आहे. टायर नवे ‘दिसणं’ पुरेसं नाही. कडेला लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं आणि ओल्यात धरत नाही.

पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखं अडलं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, चकचकीत नळीवर बोट फिरवा, तेलकट रेघ आली तर सील गळतंय. मागच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चक्रावर) चेन अगदी मागच्या टोकाला धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावे लागतील. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजा. आणि हँडल पूर्ण वळल्यावर ज्या लहान खुंट्यांवर अडतं त्या बघा. चेपलेल्या किंवा तुटलेल्या असतील तर गाडी जोरात पडलेली आहे, रंग कितीही नवा असो.

काच_वर_करा

ब्रेकचं उलट आहे. ब्रेक लागला की वजन पुढे जातं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. त्याच वेळी मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे तो ब्रेक एका मर्यादेपलीकडे फक्त चाक घसरवतो. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात अपघातग्रस्त चालकांबद्दल हेच नोंदवलंय: मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा कमी वापरला.

पुढचा ब्रेक घातक होतो तो झटक्याने दाबला की. वजन पुढे यायच्या आधीच चाक लॉक होतं. म्हणून दोन पायऱ्या: आधी हलका दाब, फोर्क खाली बसल्याचं जाणवलं की मग वाढता दाब. मोकळ्या, कोरड्या, सपाट जागी ३० च्या वेगाने सुरुवात करा, गाडी सरळ, नजर लांब, हँडलवर भार न देता गुडघ्यांनी टाकी धरून. थांबेपर्यंत क्लच दाबून पहिल्या गिअरमध्ये आलेलं असावं. सलग नीट जमलं की ४०, मग ५०. एबीएस असेल तर एकदा मुद्दाम जोरात दाबून लिव्हरची थरथर ओळखून घ्या. ती जाणवली की बरेच जण दचकून ब्रेक सोडतात.

६० च्या वेगाला, कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकिंगने साधारण २० मीटर लागतात, ८० ला ३५. एका सेकंदात प्रतिक्रिया धरली तर त्याआधीच अनुक्रमे १७ आणि २२ मीटर गेलेले असतात. ओल्यात यापेक्षा जास्त.

डांबरी_रस्ता

एक भर. तुमचे हात लहान असतील तर ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचं अंतर कमी करता येतं का ते गाडी घेतानाच विचारा. सीटवर बसून हात सरळ केल्यावर बोटं मनगट न वाकवता लिव्हरवर पडायला हवीत. क्लॅम्पचा बोल्ट किंचित सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. ब्रेकचा फिरवला तर तेलाची डबी फार तिरकी होत नाही ना आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवल्यावर पाइप ताणला जात नाही ना, हे बघून मगच बोल्ट आवळा.