काँत्रसाँसला मराठीत काय म्हणावं?

फ्रेंचवाली_राजारामपुरी: मंडळी, अडलेय. फ्रान्समध्ये परकी भाषा शिकवणाऱ्या मास्तरांच्या भरतीच्या परीक्षा असतात, कापेस आणि आग्रेगासिओं. त्यात भाषांतर असतंच, आणि तपासणारी ज्युरी नंतर रिपोर्ट छापते, पोरांनी कुठं कुठं माती खाल्ली त्याचा. त्यावरून क्लाससाठी मराठीत एक पान करायला घेतलं. तर त्यांच्याकडे चुकांची उतरंड आहे. अर्थ जरासा सरकला तर ग्लिसमाँ, एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला तर फोसाँस, वाक्य भलतंच सांगायला लागलं तर काँत्रसाँस, आणि वाक्याला अर्थच उरला नाही तर नाँसाँस. जितकी चूक मोठी तितका दंड जास्त, मग सगळ्या दंडाची बेरीज करून त्यावरनं २० पैकी मार्क. मी काँत्रसाँसला 'अनर्थ' लिहिलं तर आमचे हे म्हणाले, पेपर तपासतीयस का दुखवट्याचं पत्र लिहितीयस?

तात्या_मंगळवारपेठ: सरळ 'विपर्यास' म्हणा की. चांगला तयार शब्द आहे.

कोशकीटक: तात्या, विपर्यास मुद्दाम केलेला असतो हो. निवडणुकीत बघा, प्रत्येक जण 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' म्हणतो. पोरगं बिचारं प्रामाणिकपणे चुकतंय, त्याच्यावर आरोप कशाला?

तात्या_मंगळवारपेठ: कोशात 'उलट समजणे' असापण अर्थ आहे. लोक चुकीचं वापरतात म्हणून शब्द टाकायचा काय?

भावा_रंकाळा: मॅडम एखादं उदाहरण टाका की, नुसती नावं वाचून डोकं फिरायलंय.

फ्रेंचवाली_राजारामपुरी: हे घ्या. 'एल आ बो क्रिए, पेर्सोन न व्यां'. म्हणजे ती कितीही ओरडली तरी कोणी येत नाही. आता 'बो' म्हणजे सुंदर आणि 'पेर्सोन' म्हणजे व्यक्ती हे पहिल्या वर्षाला शिकलेलं असतं, त्यामुळं पोरं लिहितात 'ती छान ओरडली, व्यक्ती येत नाही'. हा काँत्रसाँस. आणि 'लिब्रेरी'ला वाचनालय लिहिलं तर फोसाँस, कारण ते पुस्तकाचं दुकान असतं. दुसऱ्या चुकीत गोष्ट साधारण जागेवर राहते, पहिल्या चुकीत बाईच बदलली. आपल्याकडं दोन्हीला लाल रेघ आणि अर्धा मार्क कट, म्हणून तर मला वेगवेगळे शब्द पाहिजेत.

शाहूपुरी_७वी_गल्ली: मी डाल्फ दिलीय, म्हणजे फ्रेंच किती येतं ते तपासणारी परीक्षा, सी१ पातळीची. त्यात भाषांतर वगैरे काही नव्हतं. १०० पैकी ५० ला पास, आणि चारी भागांत २५ पैकी निदान ५ पाहिजेत. उतारे वाचून सँतेझ, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक सारांश, लिहायची असते.

फ्रेंचवाली_राजारामपुरी: हो, ती वेगळी. मी म्हणतेय ते भरतीच्या पेपरचं.

कोशकीटक: येत नाही ते वाक्य सोडून दिलं तर? आम्हाला शाळेत सांगायचे, येत नसेल तर सोड पण खाडाखोड नको.

फ्रेंचवाली_राजारामपुरी: तिथं तसं केलं की मेलात. वाक्य गाळलं तर त्या जागी होऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या चुकीचा दंड. कंसात दोन पर्याय लिहून 'घ्या हवा तो' पण चालत नाही, एकच द्यायचा. आणि लई हुशारी करून आपल्या मनानं नवीनच वाक्य रचलं तरी कापतात.

भावा_रंकाळा: गाळण्याला 'गिळलं' म्हणा. 'पोरानं दुसरं वाक्य गिळलं.' एकदम फिट्ट.

तात्या_मंगळवारपेठ: 'लोप' हा शब्द असताना गिळलं कशाला? दिनांक, महापौर हे शब्दपण सावरकरांनी घडवलेच की. घडवले म्हणून रुळले.

भावा_रंकाळा: तात्या, काल तुम्हीच विचारलंत 'आज तारीख काय'.

कोशकीटक: जरा विषयांतर करतो. आपला 'तर्जुमा' मूळ अरबी, फारसीतून आला. त्याच अरबी घराण्यातला 'तर्जुमान', म्हणजे दुभाषी, फ्रेंचमध्ये जाऊन 'त्र्यूशमाँ' झाला. म्हणजे फ्रेंच आणि मराठी दोघांनी भाषांतराचा शब्द एकाच दुकानातनं उधार आणला. मग शुद्ध कुठला नि काय कुठला, तात्या?

तात्या_मंगळवारपेठ: उधार आणला म्हणून घरातला फेकायचा असं कोण म्हणालं? 'भाषांतर' चांगला आहे. 'अनुवाद' हिंदीतनं आपल्याकडं घुसला.

कोशकीटक: अनुवाद संस्कृतच आहे. पण तिथं त्याचा अर्थ आधी सांगितलेलं परत सांगणं.

शाहूपुरी_७वी_गल्ली: तेच तर भाषांतर!!

फ्रेंचवाली_राजारामपुरी: अहो पण काँत्रसाँस? 'अर्थभ्रंश' कसा वाटतो? फोसाँसला 'शब्दचूक', काँत्रसाँसला 'अर्थभ्रंश', नाँसाँसला 'निरर्थक'.

तात्या_मंगळवारपेठ: भ्रंश म्हणजे खाली पडणं. इथं अर्थ पडला नाही, उलटा फिरला. विपर्यासच.

भावा_रंकाळा: मला एक सांगा, मराठीतनं फ्रेंच करायच्या पेपरात 'पांढरा रस्सा' आला आणि कोणी 'सोस ब्लाँश' लिहिलं तर किती दंड?

फ्रेंचवाली_राजारामपुरी: सोस ब्लाँश म्हणजे लोण्यात मैदा परतून केलेला सॉस. माझ्या मते फोसाँस, पांढरं तरी आहे.

भावा_रंकाळा: फोसाँस?? पांढऱ्यात मैदा? ह्याच्यापेक्षा मोठी चूक त्या ज्युरीकडं असली तर दाखवा मला.

शाहूपुरी_७वी_गल्ली: आमच्यात काजू घालतात.

तात्या_मंगळवारपेठ: काजू हॉटेलवाल्यांचं फॅड. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, बास.

शाहूपुरी_७वी_गल्ली: तात्या तीळ विसरलात.