मदत हवी आहे : कर्नलचा पॅच 'लागत नाही' म्हणून परत आला

साळुंकी
लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पहिलाच पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवलाय. स्टेजिंगमधला (अजून पक्का न झालेला कोड असतो त्या भागातला) एक ड्रायव्हर, चार ओळींचा बदल. चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवली, एकही वॉर्निंग नाही. तो कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरचं एका ओळीचं उत्तर आलं, पॅच खराब झालाय, मूळ कोडवर लागत नाही. माझ्याकडे तर लागतो! दोन रात्री गेल्या यात. लवकर सांगा कुणीतरी.

जुना_पेंग्विन
बेस कुठल्या ट्रीवर आहे, म्हणजे कोडच्या कुठल्या प्रतीवर बदल केलात? आणि पाठवलात कसा? तेच लिहिलं नाहीत.

कोडकरी
गिटहबवर फोर्क करा (स्वतःची प्रत घ्या), पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) टाका. माझी दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये दोन दिवसांत मर्ज झाली.

जुना_पेंग्विन
अहो, तिथे लिनक्सचे जनक तोरवाल्ड्स यांच्या ट्रीची नुसती प्रत असते. पुल रिक्वेस्ट कुणी घेत नाही, पॅच मेलनेच जातो. नवीन माणसाला भलतीकडे पाठवू नका.

कोडकरी
अजून मेल? म्हणूनच नवी मुलं फिरकत नाहीत तिकडे.

मेघना_टी
मला उलट मेलच आवडतो. ओळीओळीखाली चर्चा होते आणि वर्षानुवर्षं शोधता येते. मी तर मट हा टर्मिनलमधला मेल प्रोग्राम वापरते. साळुंकी, तुम्हीही मटच घ्या.

साळुंकी
वाद नंतर घाला ना. बेस स्टेजिंग-नेक्स्ट, स्टेजिंगचीच शाखा. गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) फॉरमॅट-पॅच कमांडने पॅचची फाइल काढली, ब्राउझरमध्ये जीमेल उघडून मजकूर चिकटवला. प्लेन टेक्स्ट मोड होता. खाली माझी नेहमीची मराठी सही, बाकी काही नाही.

जुना_पेंग्विन
सापडलं! ब्राउझरमधलं जीमेल टॅबच्या स्पेस करतं आणि ७८ अक्षरांवर ओळ मोडतं. कर्नलमध्ये इंडेंटला (ओळ आत सरकवायला) ८ अक्षरांएवढा टॅब. बदलाच्या वरखालच्या ओळी मूळ फाइलशी जुळल्या नाहीत की पॅच लागत नाही. तुमच्याकडच्या फाइलीत टॅब शाबूत आहेत, म्हणून तुमच्याकडे लागतो. शिवाय देवनागरी सहीमुळे जीमेल सगळा मेल बेस६४ मध्ये, म्हणजे सरळ वाचता न येणाऱ्या सांकेतिक अक्षरांत, बदलून टाकतं. सही काढा, पॅच थेट मेल करणारी गिट सेंड-ईमेल कमांड वापरा.

अण्णा_सातारा
मराठी सहीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. सुरुवातीला जड जातं, पण एकदा हात बसला की सोपं आहे.

साळुंकी
अण्णा, टायपिंग येतं मला. सेंड-ईमेल ही गिटची कमांडच नाही असं दाखवतंय. माझ्याकडे उबुंटू लिनक्स आहे.

मेघना_टी
गिट-ईमेल हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. जीमेलचा रोजचा पासवर्ड चालणार नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्या. आधी पॅच स्वतःलाच पाठवा, आलेला मेल सेव्ह करून गिट एएमने (मेलमधला पॅच कोडवर लावणाऱ्या कमांडने) लावून बघा. मी अजूनही दर वेळी तसंच करते.

साळुंकी
लागला!! कालचा मेल उघडून पाहिला, खरंच सगळीकडे स्पेस. आता 'पॅच व्ही२', म्हणजे दुसरी आवृत्ती, म्हणून पाठवते. काय बदललं ते कुठे लिहू?

जुना_पेंग्विन
साइन्ड-ऑफ-बाय या तुमच्या नावाच्या ओळीखाली तीन डॅश असतात, त्यांच्याही खाली. तिथलं कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या कायमच्या नोंदीत, जात नाही. आणि निदान आठवडाभर तरी मेंटेनरला आठवण करू नका.