कोरोना चाचणीत सीटी व्हॅल्यू कमी म्हणजे आजार गंभीरच का?

धरमपेठकर: एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील आणि काका नागपुरातील एकाच रुग्णालयात दाखल झाले. वडिलांची सीटी १७, काकांची २८. तरीही वडील आठवड्याभरात घरी आले आणि काकांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. हे कसे समजावे?

निवासी डॉक्टर: सीटी म्हणजे आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचा अंश दिसेपर्यंत लागलेली आवर्तने; आकडा कमी तितका विषाणू जास्त. प्रत्येक आवर्तनात अंश जवळजवळ दुप्पट होत असल्याने ११ चा फरक म्हणजे कागदावर विषाणूच्या प्रमाणात सुमारे दोन हजार पट फरक ठरतो. पण स्वॅब किती नीट घेतला, कोणते किट वापरले आणि लक्षणांचा कितवा दिवस होता, यावरही तो आकडा हलतो. नाकाघशातील विषाणू लक्षणे सुरू होताना सर्वाधिक असतो, तर फुप्फुसांची अवस्था बहुधा दुसऱ्या आठवड्यात, शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे बिघडते. म्हणूनच २०२० च्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, मात्र ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही.

सदरवासी: संबंध अगदीच नाही, असेही नव्हे. दाखल होताना विषाणूभार जास्त असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे, आणि रक्तात विषाणूचा अंश सापडणे हे तर अधिक चिंतेचे लक्षण मानले जाते. मात्र ही समूहाची गोष्ट झाली. एका रुग्णाचे भाकीत त्यावरून करता येत नाही.

धरमपेठकर: काकांना मधुमेह होता आणि चाचणी आठव्या दिवशी झाली होती, हे लिहायचे राहिले.

निवासी डॉक्टर: मग त्यांच्या २८ चा अर्थ बराचसा उलगडतो.